असंतोषाचा जनक कोण?

लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तेथील झाडीत तीन कोनांचा, साठेक फूट उंचीचा एक विटांचा बुरूज उभा आहे. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. इंग्रजी जिभेने घासूनपुसून चमत्कारिक केलेले हे नाव मुळात मराठी आहे आणि ते रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णे बंदरासमोर समुद्रात उभ्या असलेल्या सुवर्णदुर्गाचे आहे. १७५५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा अधिकारी विल्यम जेम्स याने तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातून हा किल्ला घेतला. पुढे तो विलायतेस परतला, १७८३ साली वारला आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या पत्नीने पतीच्या पराक्रमाचे स्मारक म्हणून हा बुरूज उभारला.

इंग्रजांच्या लेखी आंग्रे हे चाचे होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी आपले दस्तक घ्यावे, असे म्हणणारे आरमार त्यांना सत्ता वाटले नाही, चोरी वाटली. स्वतः कंपनीही दस्तके देत होती हा मुद्दा मात्र सोयीस्करपणे बाजूला राहिला. या मोहिमेत खुद्द पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही हर्णेच्या पाण्यात काय घडले याची हकीकत दीडदोनशे वर्षे जगाला कळली ती जिंकणाऱ्याच्या तोंडून. ज्याचे गाऱ्हाणे त्याने मांडले नाही, तर ते दुसराच कोणी मांडतो आणि मग त्या गाऱ्हाण्याचा गुन्हा होतो. हर्णे ज्या दापोली तालुक्यात आहे त्याच तालुक्यात ज्यांचे मूळ गाव, त्या बाळ गंगाधर टिळकांना हा धडा आयुष्यभर गिरवावा लागला. लोकमान्यांच्या चरित्राचा हा भाग शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आटोपतो. तीच ओळ नीट वाचण्याची गरज आहे.

दोन भाषांतील लेखणी

टिळकांचे मूळ गाव चिखलगाव. घराण्याकडे तेथील खोतीचा थोडा वाटा होता. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. पुढे ते शिक्षणखात्यात निरीक्षकाच्या जागेवर चढले. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस जन्मलेले बाळ टिळक दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्यास आले. १८७६ मध्ये बी. ए. आणि १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीची वाट सोडून त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८१ च्या जानेवारीत दोन वृत्तपत्रे निघाली. मराठी ‘केसरी’ आगरकरांकडे आला आणि इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे.

ही वाटणी आज विस्मरणात गेली आहे. ‘केसरी’शी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या टिळकांची संपादकीय सुरुवात इंग्रजीत झाली. ‘मराठा’चा वाचक पुण्याच्या पेठांतला कमी, मुंबई-कलकत्त्याचा सुशिक्षित, सचिवालयातील अधिकारी आणि विलायतेतील हिंदुस्थानविषयक जाणकार हा त्याचा खरा वाचक. ‘केसरी’ने लोकांना त्यांच्या स्थितीचे भान द्यायचे आणि ‘मराठा’ने ती स्थिती परक्याला समजावून सांगायची, अशी ती जोडी होती. दोन्ही कामे एकाच माणसाने केली की एक अडचण उभी राहते. घरात बोललेले शब्द बाहेर नेऊन त्याच्याच विरुद्ध वापरले जातात. टिळकांच्या बाबतीत पुढे नेमके हेच घडले.

पुराव्याशिवाय बोलण्याची किंमत मात्र त्यांना फार लवकर कळली. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याच्या बातम्या दोन्ही पत्रांनी दिल्या आणि दिवाण बर्वे यांच्यावर ठपका ठेवला. ज्या पत्रांच्या आधारावर हे लिहिले ती बनावट ठरली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली; डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हेतू शुद्ध होता, तळमळ खरी होती, पण कागद खोटा होता. न्यायालयात हेतूला नव्हे, कागदाला किंमत असते.

एक साल, दोन कोकणी माणसे

१८९६-९७ मध्ये महाराष्ट्रावर दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे एकाच वेळी आली. टिळकांनी सार्वजनिक सभेमार्फत जे केले ते पाहण्यासारखे आहे. सरकारचेच दुष्काळविषयक नियम त्यांनी शेतकऱ्यांपर्यंत पोचविले. पीक बुडाले असेल तर साऱ्याची सूट मागणे हा अपराध नाही, तो छापील नियमानुसार मिळालेला हक्क आहे, एवढेच सभेचे प्रचारक गावोगाव सांगत होते. सरकारला मात्र यात चिथावणी दिसली. सरकारचा कायदा लोकांना समजावून सांगणे हा राजद्रोहाचा प्रकार मानला जावा, यावरून राज्यकर्त्यांची दृष्टी कशी झाली होती हे ध्यानात येते.

त्यानंतर पुण्यात प्लेग आला. रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सोल्जरांकरवी घरे तपासण्यास प्रारंभ केला. देवघरात, माजघरात, स्वयंपाकघरात बूट घालून शिरणारे सोल्जर पाहून शहर भयभीत आणि संतप्त झाले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तेथेच मरण पावला. रँड जुलैच्या प्रारंभी गेला.

या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातीलच दुसरा एक पुरुष विलायतेत होता. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गेले होते. हिंदुस्थानच्या खर्चाविषयी त्यांनी दिलेली साक्ष अभ्यासपूर्ण होती. पण पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती आणि त्यांत सोल्जरांकडून स्त्रियांची अब्रू घेतली गेल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी ही माहिती ‘मँचेस्टर गार्डियन’ला दिली. विलायतेत खळबळ उडाली, पार्लमेंटात प्रश्न निघाले, मुंबई सरकारने साफ इन्कार केला. गोखल्यांनी पुण्याकडे पुरावा मागितला. पण नाव पुढे करून साक्ष देण्यास कोणी तयार झाले नाही. मुंबईस उतरल्यावर ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यासाठी स्वकीयांनी त्यांची पुष्कळ हेटाळणी केली.

गोखल्यांची चूक दुबळेपणाची होती असे म्हणणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. ज्या अत्याचाराची शिकार झालेली स्त्री साक्षीला उभी राहिली तर समाजच तिला जगू देणार नाही, त्या अत्याचाराचा पुरावा गोखल्यांनी कोठून आणावा? प्लेगच्या तपासणीत जुलूम झाला नव्हता असे नाही. परंतु परक्या देशात सांगितलेली एक गोष्ट सिद्ध करता आली नाही की सिद्ध होऊ शकणाऱ्या शंभर गोष्टीही तिच्याबरोबर बुडतात. डोंगरीत टिळक जे शिकले होते, ते गोखले मुंबईच्या धक्क्यावर शिकले.

टिळक तेव्हा मोकळे नव्हते. गोखले परतले त्याच आठवड्यात, २७ जुलै रोजी, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. सहा युरोपियन आणि तीन हिंदी ज्युरर. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील शब्दाचा अर्थ असा लावला की, सरकारविषयी प्रेम नसणे हाच जणू द्रोह. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्यातून वर्षभरानंतर, ६ सप्टेंबर १८९८ रोजी, मुदतीपूर्वी सुटका झाली. तिच्यामागे मॅक्स म्युलर यांच्यासारख्या विद्वानांनी विलायतेत केलेला अर्ज होता. वेदांच्या कालनिर्णयावर १८९३ साली लिहिलेल्या ‘ओरायन’ या इंग्रजी ग्रंथामुळे टिळक त्यांना परिचित होते. परक्या देशात आपले म्हणणे ऐकून घेणारा माणूस असणे म्हणजे काय, याचा अनुभव टिळकांनी तुरुंगाच्या दारात घेतला.

भाषांतराचा खटला

वंगभंगानंतरच्या चळवळीत टिळक अखिल भारताचे पुढारी झाले. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही चतुःसूत्री घराघरांत गेली. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब फुटून दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मारल्या गेल्या. त्यावर ‘केसरी’ने अग्रलेख लिहिले. बाँब वाईट, पण तो का फुटतो याचे कारण शोधा. लोकांना अधिकार द्या, केवळ दडपशाहीने रोग जाणार नाही, असा त्यांचा आशय होता. कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे, असा अर्थ सरकारने लावला आणि टिळकांवर पुन्हा खटला भरला.

हा खटला वस्तुतः भाषांतराचा खटला होता. नऊ ज्युररांपैकी सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीतले आणि न्याय इंग्रजीत. सरकारी भाषांतरात मराठी शब्दांची धार कोठे वाढली, कोठे बदलली, हे टिळकांनी एकेक शब्द घेऊन दाखविले. स्वतःची बाजू त्यांनी स्वतः मांडली आणि ते भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. सातांनी दोषी ठरविले, दोघांनी निर्दोष. २२ जुलैच्या रात्री, बावन्नावा वाढदिवस काही तासांवर असताना, न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पुढे टिळकांना मंडालेला ठेवण्यात आले.

शिक्षेचे उत्तर मुंबईच्या गिरणगावातून आले. सहा वर्षांसाठी सहा दिवस, असा हिशेब करून गिरणी कामगारांनी संप केला. रस्त्यांवर लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. या कामगारांत फार मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातील चाकरमान्यांचा होता. हर्णे, दाभोळ, जयगड अशा बंदरांतून आगबोटीने मुंबईस गेलेली ही माणसे. त्यांतील बहुतेकांना राजद्रोहाच्या कलमाची भाषा ठाऊक नव्हती. पण कोणाला आणि कशासाठी शिक्षा झाली हे त्यांना भाषांतराशिवाय कळले होते.

परक्याचे निदान

टिळक मंडालेत असताना लंडनच्या ‘टाइम्स’ने हिंदुस्थानातील चळवळींचा अर्थ आपल्या वाचकांना सांगण्याचे ठरविले. त्या पत्राच्या परराष्ट्र विभागाचे प्रमुख व्हॅलेंटाइन चिरोल यांनी लेखमाला लिहिली आणि १९१० मध्ये ती ‘इंडियन अनरेस्ट’ या नावाने पुस्तकरूपात आली. चिरोल हा सवंग लेखक नव्हता. त्याने प्रवास केला होता, अधिकाऱ्यांशी बोलणी केली होती, वृत्तपत्रांची भाषांतरे वाचली होती. त्यामुळेच त्याचे पुस्तक अधिक परिणामकारक झाले.

चिरोलचे निदान थोडक्यात असे: हा असंतोष खरा नाही, तो घडविलेला आहे, सत्ता गमावलेल्या एका ब्राह्मणवर्गाने तो घडविला आहे, आणि त्या वर्गाचा सूत्रधार टिळक आहे. गोरक्षण, तालीमखाने, गणेशोत्सव, शिवजयंती, ताईमहाराज प्रकरण, रँडचा वध, अशा अनेक गोष्टी एका धाग्यात ओवून त्याने टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध २१ डिसेंबर १९०९ रोजी झाला, तेव्हा टिळक सुमारे दीड वर्ष कैदेत होते. पण त्या वधाची जबाबदारीही त्यांच्या शिकवणीवर येऊन पडली.

आज ही उपाधी शाळाशाळांतून गौरवाने शिकविली जाते, परीक्षेत विचारली जाते आणि विद्यार्थी ती अभिमानाने लिहितो. त्यात गैर काही नाही. शत्रूने दिलेली शिवी भूषण म्हणून मिरविण्याची रीत जुनी आहे. पण ती मुळात शिवी होती आणि तिच्यात एक सिद्धान्त दडलेला होता, हे विसरता कामा नये. असंतोषाला एक जनक आहे असे म्हटले की सारा, दुष्काळ, प्लेगची तपासणी आणि वंगभंग ही कारणे दिसेनाशी होतात. जनकाला कैद करा, असंतोष संपेल, हा त्याचा पुढचा पाठ. साऱ्याची सूट मागणारा शेतकरी आणि संपावर गेलेला गिरणी कामगार यांना स्वतःची बुद्धी नाही, त्यांना कोणीतरी फूस लावतो, हे त्या एका शब्दात गृहीत धरलेले होते.

चिरोलच्या लेखणीला काही आधार टिळकांच्याच वर्तनातून मिळाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी केलेला विरोध, वेदोक्त प्रकरणातील त्यांची भूमिका, यांमुळे बहुजन समाजात जी कटुता निर्माण झाली ती काल्पनिक नव्हती. पुढे राजकीय सुधारणांच्या वेळी ब्राह्मणेतर पक्षाने स्वतंत्र मतदारसंघांची मागणी लावून धरली, तीही काही कोणा इंग्रजाने शिकविली म्हणून नव्हे. घरातील एखाद्या घटकाचे गाऱ्हाणे आपण ऐकले नाही, तर बाहेरचा निरीक्षक त्यावरच बोट ठेवतो. लोकांच्या असंतोषाला एकच सूत्रधार मानण्याची चिरोलची चूक मात्र त्यामुळे बरोबर ठरत नाही.

लंडनची वारी

मंडालेहून १९१४ च्या जूनमध्ये सुटल्यावर टिळकांनी बेअब्रूचा दावा करण्याचे ठरविले आणि १९१५ मध्ये चिरोल व त्याचे प्रकाशक यांच्यावर लंडनमध्ये कारवाई सुरू केली. अनेकांना हा अव्यवहार वाटला. इंग्रजांच्या राजधानीत, इंग्रज ज्युरीपुढे, इंग्रजांच्या सर्वांत वजनदार वृत्तपत्राच्या माणसाविरुद्ध दोन वेळा राजद्रोहाची शिक्षा झालेल्या हिंदी पुढाऱ्याला न्याय मिळेल, ही आशा कोणी धरावी? परंतु टिळकांच्या दृष्टीने प्रश्न केवळ अब्रूचा नव्हता. दाव्याच्या निमित्ताने विलायतेत जाता येणार होते, आणि त्यांना तेथेच जायचे होते. १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन झाली होती, त्याच वर्षी लखनौचा करार झाला होता, १९१७ च्या ऑगस्टमध्ये माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली होती. निर्णय लंडनमध्ये होणार, तर कैफियतही लंडनमध्येच मांडली पाहिजे.

१९१८ च्या वसंतात होमरूलचे शिष्टमंडळ कोलंबोपर्यंत गेले आणि तेथेच परवाने रद्द झाले. नंतर केवळ दाव्यासाठी म्हणून, राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर, टिळकांना परवानगी मिळाली. सप्टेंबर १९१८ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि ऑक्टोबरअखेर ते लंडनला पोचले. महायुद्ध संपण्यास पंधरवडाही उरला नव्हता. पुढे राजकारणाविषयीची अट शिथिल झाली.

दावा जानेवारी १९१९ च्या अखेरीस न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे उभा राहिला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. दैवाची गंमत अशी की, आयर्लंडच्या होमरूलला विरोध करण्यासाठी ज्यांनी अल्स्टरमध्ये स्वयंसेवकांची फौज उभारली होती, ते कार्सन आता टिळकांना कायद्याविषयीची निष्ठा विचारीत होते. आणि ज्यांनी टिळकांची बाजू मांडली, त्याच सायमन यांच्या कमिशनला पुढे १९२८ मध्ये साऱ्या हिंदुस्थानने काळी निशाणे दाखविली. चिरोलच्या बचावासाठी मुंबई सरकारने आपली दप्तरे मोकळी केली होती. ‘केसरी’चे जुने अंक भाषांतरित होऊन पुन्हा एकदा मराठी न कळणाऱ्या ज्युरीपुढे वाचले गेले. युद्ध जिंकून आलेल्या राष्ट्राच्या मनःस्थितीत निकाल काय लागणार हे ठरल्यासारखेच होते. फेब्रुवारीत टिळक खर्चासह हरले. खर्चाचा आकडा लाखांच्या घरात गेला.

पराभवाचे दुःख एवढ्यावरच थांबत नव्हते. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या रौलट समितीच्या अहवालाने महाराष्ट्रातील चळवळीचे जे चित्र काढले होते, ते चिरोलच्या चित्राशी मिळतेजुळते होते. चुकीच्या निदानातून औषधही तसेच निघाले. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा संमत झाला, त्याविरुद्ध देशभर सत्याग्रह झाला आणि १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत नि:शस्त्र जमावावर गोळ्या चालल्या. लोकांची तक्रार म्हणजे कोणाचा तरी कट, असे एकदा मानले की कटवाल्यांशी बोलणे खुंटते. उरते ती केवळ शक्ती.

हरलेल्या माणसाची कामगिरी

दावा हरल्यावर टिळकांनी परतीची बोट धरली असती तर कोणी दोष दिला नसता. ते आणखी नऊ महिने विलायतेत राहिले. हॉवले प्लेसमधील दहा नंबरच्या घरात बिऱ्हाड करून, वयाची बासष्ट वर्षे उलटलेली आणि मधुमेहाने पोखरलेली प्रकृती सांभाळीत त्यांनी काम सुरू ठेवले. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना मिळाले होते. ते त्यांनी या कामासाठी सोडले आणि मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले.

या कामाची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. इंग्रज माणसाला हिंदुस्थानच्या दैन्याची करुण कहाणी सांगून दया मागावयाची नाही, हे त्यांनी पहिल्यापासून ठरविले. इंग्रज मतदाराला जे तत्त्व स्वतःसाठी मान्य आहे, तेच हिंदी माणसाला लागू करा, एवढीच मागणी. मजूर पक्ष उद्याची सत्ता आहे हे ओळखून त्या पक्षाशी त्यांनी संबंध जोडले आणि त्याला दोन हजार पौंडांची देणगी दिली. कामगारांच्या सभांतून व्याख्याने दिली, पत्रके वाटली, पुस्तिका छापल्या. काँग्रेसची ब्रिटिश समिती आणि तिचे ‘इंडिया’ साप्ताहिक काँग्रेसच्या ठरावांपेक्षा सौम्य बोलत असे. ज्या संस्थेच्या पैशावर पत्र चालते त्या संस्थेचे म्हणणे पत्राने मांडले पाहिजे, असा आग्रह धरून त्यांनी तिची घडी बदलली, न. चिं. केळकर ‘इंडिया’चे संपादक झाले. अमेरिकेत लाला लजपतराय आणि डॉ. ना. सु. हर्डीकर होमरूलचे काम करीत होते. त्यांनाही टिळकांनी साहाय्य केले.

पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी काँग्रेसने टिळकांना प्रतिनिधी निवडले होते. पण सरकारने जाऊ दिले नाही. हिंदुस्थानच्या नावाने तेथे बसले ते बिकानेरचे महाराज आणि लॉर्ड सिन्हा. तेव्हा टिळकांनी मार्च १९१९ मध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्र धाडले. आपल्या देशाला कोणाचा मुलूख नको आहे आणि असा मोठा देश स्वयंशासित झाला तर आशियातील शांततेला आधारच होईल, हा त्याचा आशय. ऑगस्टमध्ये पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांची साक्ष झाली. कोल्हापूर प्रकरणात खोट्या पत्रांवर विसंबलेला तरुण संपादक आणि या समितीपुढे आकडे, ठराव, कायद्याची कलमे घेऊन बसलेला वृद्ध पुढारी यांत सदतीस वर्षांचे अंतर होते. त्या अंतरात त्यांनी त्वेष गमावला नव्हता. त्याच्यासोबत कागद ठेवण्याची शिस्त मिळविली होती.

नोव्हेंबर १९१९ च्या अखेरीस टिळक मुंबईस उतरले. पुढे जेमतेम आठ महिन्यांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईच्या सरदारगृहात त्यांचा अंत झाला. गिरणगावातली माणसे लोटली आणि चौपाटीवर पावसात त्यांची चिता पेटली. त्याच दिवशी गांधीजींच्या असहकाराला प्रारंभ होत होता. वर्षअखेर नागपूरच्या काँग्रेसने ब्रिटिश समिती आणि ‘इंडिया’ साप्ताहिक बंद करण्याचे ठरविले. लढा येथे लढायचा, परदेशात समजूत काढीत बसायचे नाही, असा तो विचार. त्यात स्वाभिमान होता आणि शक्तीही होती. तथापि परदेशातील पत्रे, ग्रंथकार आणि बातमीदार आपापल्या परीने या चळवळीचा अर्थ लावीतच राहिले. काँग्रेसने सोडलेली जागा रिकामी राहिली नाही.

टिळकांच्या लंडनच्या वर्षाचा ताळेबंद मांडायचा तर दावा गेला, पैसा गेला, पॅरिसचा रस्ता बंद झाला. जमेच्या बाजूला मजूर पक्षाशी जोडलेला संबंध राहिला. पुढे १९४७ मध्ये सत्तांतराचा कायदा मंजूर करणारे सरकार त्याच पक्षाचे होते. एका देणगीने आणि काही सभांनी स्वराज्य आले, असे कोणी म्हणणार नाही. पण गाऱ्हाणे असणाऱ्याने ते आपल्या तोंडाने, सिद्ध होईल तेवढेच, आणि घरी व बाहेर एकाच सुरात सांगितले पाहिजे, हा वस्तुपाठ त्या वर्षाने घालून दिला.

लंडनमध्ये दापोली तालुक्याच्या दोन खुणा आहेत. हॉवले प्लेसमधील घरावर टिळक येथे राहिले होते असे सांगणारा फलक आहे. शूटर्स हिलवर सुवर्णदुर्गाच्या पाडावाचा बुरूज आहे. एकीची हकीकत जेत्याने लिहिली, दुसरीची हरलेल्याने स्वतः जाऊन सांगितली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत हर्णेचा सुवर्णदुर्ग आहे. या खेपेस त्या किल्ल्याची कैफियत भारताने स्वतः जगापुढे ठेवली होती आणि जगाने ती मान्य केली. शाळेच्या फळ्यावर असंतोषाचे जनक हे शब्द पुन्हा लिहिले जातील तेव्हा, ते कोणी, कशासाठी म्हटले होते आणि असंतोषाची खरी कारणे कोणती होती, हे शिक्षकाने दोन मिनिटे थांबून सांगितले, तर टिळकांनी लंडनला हरलेला दावा निदान आपल्या वर्गात तरी पुन्हा सुनावणीस निघेल.